कोंबड्याखालची फुली

रविवारची प्रार्थना संपली की जेवण अर्नेस्टिन गेथरच्या घरी, हे ठरलेलं होतं. आणि जेवताना भांडण, हेही ठरलेलंच. पण या रविवारी तिने कोंबडी तळायला घेण्याआधीच तोंडं सुटली होती. तिचा धाकटा भाऊ क्लोव्हिस चर्चचा कोट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भाषण ठोकत होता, आणि तिची लेक डेल्फीन मटार सोलता सोलता त्याचं एकेक वाक्य खोडून काढत होती. अर्नेस्टिनचे हात पिठाने भरले होते, नाहीतर तिने दोघांनाही दाराबाहेर काढलं असतं.

"हजारदा सांगून झालंय," क्लोव्हिस म्हणाला. तो काळ्या मुलांच्या शाळेचा हेडमास्तर, घरातही खडू हातात असल्यासारखं बोट नाचवायचा. "मंगळवारी गोऱ्यांचा पक्ष आपला उमेदवार ठरवणार, तिथेच शेरीफ हॅडॉक पडला पाहिजे. त्याला पाडायचा तर प्रुइटला मत द्यायचं. तिसरा कोणी उभा नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"प्रुइट कोण आहे ते समजलंय, म्हणून तर," डेल्फीन म्हणाली. "गोऱ्यांच्या कौन्सिलमध्ये पहिल्या रांगेत बसायचा तो. हॅडॉक काठीने मारतो, प्रुइट दुकानातली उधारी बंद करून मारायचा."

"उधारी बंद झालेला माणूस जिवंत तरी असतो."

"वा, काय उमेदवार निवडलात मामा. पोस्टरवर छापा की हे. 'प्रुइट. जिवंत ठेवतो.'"

"छापायला हरकत नाही. या काउंटीत तेवढं कोणी म्हटलेलं नाही अजून."

डेल्फीनने मटाराचं साल टोपलीत फेकलं. "मंगळवारीच चर्चच्या अंगणात आपण आपले उमेदवार निवडणार आहोत. आपल्या स्वतःच्या पक्षाचे. शेरीफसुद्धा आपला. पण ज्याने तिकडे कोर्टात जाऊन त्यांच्या कोंबडा छापलेल्या कागदावर फुली मारली, त्याला इकडे हात वर करता येत नाही, कायदाच तसा आहे. तुम्ही सगळे तिकडे गेलात तर अंगणात आम्ही काय झाडांचे हात मोजायचे?"

"नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीपर्यंत थांबायचं तुमच्या शेरीफसाठी? तोवर हॅडॉक काय गप्प बसणार आहे?"

"थांबायची सवय कोणी लावली आम्हाला?"

अर्नेस्टिनने पिठात घोळलेली तंगडी तेलात सोडली. चर्र आवाज झाला तेवढ्यापुरते दोघे गप्प बसले. महिनाभर ती हेच ऐकत होती. भावाला लोकांचं भलं कशात आहे ते कळत होतं, लेकीला न्याय कशात आहे ते कळत होतं, आणि बाहेर व्हरांड्यात बसलेल्या तिच्या बापाला, होझेया गेथरला, तर दोन्ही मान्य नव्हतं. पापांचं म्हणणं एवढंच, की गोऱ्यांच्या पक्षाचं चिन्ह कोंबडा, आणि त्या कोंबड्याखाली आपण मेलो तरी फुली मारणार नाही. पापा सोळा वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या वडिलांचं नाव मतदारांच्या यादीतून काढलं गेलं, आणि मग कागदावर तो कोंबडा आला, डोक्यावर 'गोऱ्यांचं वर्चस्व' अशी अक्षरं घेऊन. आता काळ्यांची नावं यादीत यायला लागल्यावर या जानेवारीत पक्षाने ती अक्षरं काढून टाकली. "अक्षरं काढली, कोंबडा ठेवला," पापा म्हणायचे. "माझ्या बापाचं मत अक्षरांनी नाही खाल्लं, कोंबड्याने खाल्लं."

या सगळ्यात वेंडेलचं नाव मात्र कोणी घेत नव्हतं, आणि अर्नेस्टिनला खरा राग याचाच होता.

वेंडेल तिचा मुलगा. गेल्या वर्षी मार्चमध्ये कोर्टाच्या पायऱ्यांवर मतदार म्हणून नाव लावायला लोक रांगेत उभे होते, तेव्हा हॅडॉकची घोडेस्वारांची टोळी रांगेत घुसली. एका मुलीच्या अंगावर घोडा येत होता म्हणून वेंडेलने त्याचा लगाम ओढला आणि वरचा गोरा खाली पडून त्याचा खांदा मोडला. त्या संध्याकाळी हॅडॉक स्वतः अंगणात आला होता. छातीवर काळ्यांना बरोबरी 'कधीच नाही' असं सांगणारा बिल्ला, आवाज अगदी शांत. "पोरगा काउंटीत दिसला तर तुला शवपेटीतून परत देईन," एवढंच बोलून गेला. पहाटे त्यांनी वेंडेलला मयताच्या गाडीत आडवं निजवून बाहेर काढलं आणि उत्तरेत क्लीव्हलंडला त्याच्या आत्याकडे पाठवलं. तेव्हापासून तो तिकडे गाड्यांच्या कारखान्यात होता आणि आईला सांगायचा की थंडीचं काही वाटत नाही. तो खोटं बोलतो तेव्हा वाक्य फार सरळ असतं, हे तिला ठाऊक होतं.

हॅडॉक पडला तर मुलगा घरी येणार होता. तिच्यासाठी निवडणूक एवढीच होती, आणि तशी ती आहे हे म्हणायची तिला लाज वाटत नव्हती.

"ताक कुठंय?" तिने विचारलं. कोणी हललं नाही. "मीच घेते. तुम्ही देश चालवा."

तिने फ्रिज उघडला. ताकाच्या बाटलीमागे चांदीच्या कागदाने झाकलेली एक कागदी ताटली होती. ती तिची नव्हती. वरचा कागद बाजूला करून पाहिलं तर डुकराच्या बरगड्या. लाल रस्सा, लाकडाच्या धुराचा वास. भाजलेल्याही चांगल्या होत्या, त्याचाच तिला जास्त संताप आला.

"हे कुठून आलं?"

डेल्फीन उठून आली. क्लोव्हिसनेही मान पुढे केली. तिघांनाही एकदमच कळलं. कारण काल, शनिवारी, जत्रेच्या मैदानावर शेरीफ हॅडॉकने काळ्या मतदारांसाठी बार्बेक्यू ठेवला होता. सव्वा वर्षापूर्वी ज्यांना घोड्यांखाली घातलं त्यांना आता बरगड्या वाढायच्या होत्या, आणि 'कधीच नाही'चा बिल्ला त्याने बहुधा खिशात ठेवला असावा. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी दोन रविवार बजावलं होतं की कोणी तिकडे पाऊल टाकू नये.

"पापा!" अर्नेस्टिनने हाक मारली.

होझेया गेथर काठी टेकत आत आले, आपल्या खुर्चीत बसले आणि रुमाल गळ्यात खोचायला लागले. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ ताठ.

"जेवण झालं का तयार?"

"पापा, तुम्ही काल हॅडॉकच्या मैदानावर गेला होतात?"

"गेलो होतो."

क्लोव्हिसने कपाळावर हात मारला. "अख्ख्या चर्चने ठरवलं, एक माणूस जायचा नाही. आणि गेलं कोण? चर्चचेच डीकन, होझेया गेथर. आता लोकांना मी काय सांगू?"

"सांग, मीठ जरा जास्त होतं."

"मोठे पापा, ही काय थट्टेची गोष्ट आहे?" डेल्फीन म्हणाली. "तुम्ही कोंबड्याच्या कागदाला हात लावणार नाही म्हणता, आणि त्याच्या हातचं खाता?"

"जन्मभर त्यांनी आमच्या हातचं खाल्लं. एक दिवस मी खाल्लं." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग अर्नेस्टिनकडे. "मी खायला नव्हतो गेलो. मला त्याला एक विचारायचं होतं. लोक होते, पेपरचा फोटोवाला होता. म्हटलं, असं परत मिळायचं नाही. मी त्याच्यासमोर गेलो, टोपी काढली, आणि म्हटलं, शेरीफ, माझा नातू कधी घरी येऊ शकतो?"

अर्नेस्टिन चुलीपाशी होती तिथेच थांबली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, अंकल होझेया, जुनं सगळं मी विसरलो. खुशाल बोलाव त्याला. आणि माझा हात हातात घेतला. फोटोवाल्याने फोटो काढला."

"आणि बदल्यात?" क्लोव्हिसने विचारलं.

"बदल्यात त्याने माझं मत मागितलं. मी म्हटलं, पाहतो."

"पाहतो!" क्लोव्हिस आणि डेल्फीन एकदमच म्हणाले. महिनाभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. "त्याला फोटो हवा होता," डेल्फीन म्हणाली, "म्हातारा निग्रो हात मिळवताना. तेवढ्यासाठी तर बरगड्या भाजल्या त्याने." क्लोव्हिसने मान डोलावली. "पोर बरोबर बोलतेय."

आणि अर्नेस्टिनने काय केलं? ती बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"पुरे," ती म्हणाली. "महिनाभर तुम्ही दोघं बोलताय. पक्ष, कायदा, नोव्हेंबर. माझ्या पोराचं नाव एकदा तरी काढलंत? एवढ्या माणसांत यांनी काढलं. बोलायचं असेल तर आधी ते बोला."

डेल्फीनने मान खाली घातली. क्लोव्हिस कोटाचं बटण काढत राहिला.

"पापा, खरंच म्हणाला? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. म्हणून तर मी रात्री वेंडेलला फोन केला." पापांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "तुला आज जेवणानंतर सांगणार होतो. दुपारच्या बसने निघतोय तो. आत्तापर्यंत बसलाही असेल."

यानंतरची पाच मिनिटं अर्नेस्टिनने पुढे कितीतरी वर्षं स्वतःला माफ केली नाहीत. कारण त्या पाच मिनिटांत ती सुखी होती. कोंबडी करपत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. मनात तिने मागच्या खोलीतल्या पलंगावर चादर घातली, रताळ्याची गोड पाई भट्टीत ठेवली, कारखान्याच्या तेलाचे डाग पडलेले शर्ट भिजत घातले. ती वाकून बापाच्या टकलावर ओठ टेकवून हसली, आणि डेल्फीनही, रागावलेली डेल्फीनही, डोळे पुसत "किती वाजता येतो?" म्हणाली. त्यांचा वेंडेल. कोण कुठल्या पक्षाचं होतं ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

"उद्या संध्याकाळी," पापा म्हणाले. "बर्मिंगहॅमला सकाळी गाडी बदलणार, मग इथली बस. तुला स्टँडवर जायलाही नको. शेरीफनेच विचारलं मला, कुठल्या बसने येतोय ते नक्की झालं की कळव. म्हणाला, माझा माणूस पाठवतो घ्यायला, म्हणजे पोराला कोणी त्रास देणार नाही. मी सकाळीच निरोप दिला."

चुलीवर तेल तडतडत होतं. क्लोव्हिस दोन पावलं गेला आणि त्याने आच बंद केली.

डेल्फीनने आईकडे पाहिलं. अर्नेस्टिनचा हात अजून बापाच्या खांद्यावर होता, आणि तो हात तिला उचलता येईना.

"बस कुठली ते सांगितलंत," ती म्हणाली.

"त्याने विचारलं."

"हो पापा. त्याने विचारलं."

म्हातारा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग क्लोव्हिसकडे, मग नातीकडे. कोणीही त्यांच्यावर ओरडलं नाही, आणि कदाचित म्हणूनच त्यांना कळलं. त्यांच्या पिढीची ती रीत होती. गोऱ्या माणसाला चारचौघांत गाठायचं, टोपी काढायची, त्याच्या तोंडून शब्द वदवून घ्यायचा, आणि मग तो शब्द घरी जपून आणायचा. असंच त्यांनी एकदा भावाला साखळीतल्या कैद्यांच्या टोळीतून सोडवलं होतं, असं ते सांगायचे. तो भाऊ पुढे वर्षभरात गेला, हे ते सांगायचे नाहीत.

"त्याने हात दिला होता," पापा म्हणाले. "हातात हात."

"त्याच हातात काठी असते," क्लोव्हिस म्हणाला, पण हळू.

अर्नेस्टिनला बापाचा राग आला होता, इतका की त्याच्याकडे पाहवेना. पण त्याहून राग स्वतःचा आला होता. मनातली ती चादर तिने घातली होती. तिच्यात आणि पापांत फरक एवढाच, की ते काल फसले आणि ती आज.

तिला आपली जुनी मैत्रीण आठवली. "रोझेल," ती म्हणाली. "बर्मिंगहॅमला रोझेल आहे. तिला स्टँडवर पाठवायचं. वेंडेल तिथंच उतरला पाहिजे."

"फोनवर?" डेल्फीन म्हणाली. "एक्स्चेंजवर मिस लायला असेल आज."

मिस लायला म्हणजे गावातली टेलिफोन ऑपरेटर, हॅडॉकच्या एका डेप्युटीची मेहुणी. फोन जोडून दिला की कानावरचा हेडफोन काढायची तिची पद्धत नव्हती. काउंटीतल्या सगळ्या काळ्या घरांना ते माहीत होतं, आणि सगळे फोनवर चर्चच्या खाण्यापिण्याचं बोलत. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की टॅलमन काउंटीत काळी माणसं केक सोडून दुसरं काही करत नाहीत.

अर्नेस्टिनने हात पुसले, ॲप्रनही काढून ठेवला, जणू मिस लायलाला तो दिसणार होता. रिसीव्हर उचलला आणि आवाजात साखर घातली.

"मिस लायला, बर्मिंगहॅम द्याल का? हो मॅडम, रविवार चांगला गेला. हो, पापांची तब्येत छान." ती थांबली. पलीकडे घंटी वाजत राहिली. रोझेल चर्चमधून अजून आली नसेल तर? डेल्फीनने आईच्या पाठीवर हात ठेवला. मग आवाज आला.

"रोझेल, मी अर्नेस्टिन. अगं, क्लीव्हलंडच्या आत्याने केक पाठवलाय. उद्या सकाळच्या बसने तुझ्या स्टँडवर पोचतोय. हो. तो तिथंच उतरवून घे. इकडच्या बसमध्ये चढवू नकोस, इकडे फार उकडतंय, येईपर्यंत हाती काही लागणार नाही. तू स्वतः जा. बस यायच्या आधी जाऊन उभी राहा. मोठा केक आहे गं, तू ओळखशील. त्याला सांग..." तिने वाक्य तिथेच तोडलं. केकला काही सांगत नाहीत. "तुझ्या फ्रिजमध्ये ठेव. मी म्हणेपर्यंत."

पलीकडे रोझेलला केक कोण ते कळलं. मग म्हणाली, "ठेवते, बये. तुझा केक माझा केक."

अर्नेस्टिनने रिसीव्हर जागेवर ठेवला. ज्या मुलासाठी ती सव्वा वर्ष दाराकडे पाहत होती, त्याला तिने आपल्या तोंडाने वाटेत उतरवलं होतं. ती खुर्चीवर बसली, आणि कोंबडी, मटार, मक्याचा पाव सगळं तसंच राहिलं.

क्लोव्हिस खाकरला. "म्हणून मी म्हणत होतो. मंगळवारी एकेक मत..."

"तू किती वाजता जाणार आहेस?" तिने विचारलं.

"मी?"

"मत द्यायला."

"मंगळवारी शाळा आहे, अर्नी. शाळा बोर्डाचे गोरे लोक कोर्टाच्या दारातच उभे असतात. मी रांगेत दिसलो तर... मी लोकांना समजावतोय, तेही काम आहेच की."

डेल्फीनने "अरे देवा" म्हणून तोंड फिरवलं. अर्नेस्टिनने मात्र भावाकडे शांतपणे पाहिलं. हसावं की ताटली फेकावी हे तिला ठरवता येत नव्हतं. महिनाभर तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून हा सगळ्यांना रांगेत लावत होता, आणि स्वतःसाठी त्याने रांगच ठेवली नव्हती.

"सात वाजता दार उघडतं," ती म्हणाली. "तू माझ्यापुढे उभा राहशील. मागे नाही, पुढे. म्हणजे मला दिसशील."

क्लोव्हिसने कोटाचं उघडलेलं बटण पुन्हा लावलं. "नोकरी गेली तर इथेच जेवायला येईन रोज," तो म्हणाला.

"आत्ता कुठे जेवतोस?"

मग ती लेकीकडे वळली. डेल्फीनने तिने विचारायच्या आतच मान हलवली. "मम्मा, मी अंगणातच उभी राहणार. वेंडेल माझाही भाऊ आहे. पण प्रुइट आला काय आणि हा राहिला काय, पुन्हा पुन्हा टोपी काढायची वेळ येऊ नये म्हणून कोणीतरी अंगणात पाहिजे. माझं मत मागू नकोस."

अर्नेस्टिनला वाटलं, ओरडावं. सख्ख्या भावासाठी एक फुली मारता येत नाही या मुलीला. पण लेकीचा जबडा पापांसारखा आवळलेला होता, आणि त्या जबड्याशी ती चाळीस वर्षं हरत आली होती.

"नाही मागत," ती म्हणाली. "रागावले मात्र आहे."

"माहितेय."

होझेया इतका वेळ टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले होते. उजवा हात त्यांनी रुमालाने पुसायला घेतला होता. स्वच्छच होता तो, तरी पुसत होते.

"तो नमुन्याचा कागद कुठंय?" ते म्हणाले. "क्लोव्हिस वाटत फिरतो तो."

क्लोव्हिसने कोटाच्या आतल्या खिशातून नमुना मतपत्रिका काढली आणि त्यांच्यासमोर पसरली. माथ्यावर कोंबडा होता, मान वर केलेला. म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला. वाचायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण तो कोंबडा त्यांना लांबूनही ओळखता येत होता.

"प्रुइट कुठला?"

कोणी बोलायच्या आत डेल्फीन उठली. आजोबांच्या शेजारी बसली, पेन्सिल त्यांच्या बोटांत दिली आणि आपलं बोट एका ओळीवर ठेवलं. "हा. वरून दुसरा. पहिला हॅडॉक. इथं या चौकोनात."

"तू नाही म्हणतेस ना याला?"

"मी नाहीच म्हणते. पण चुकीच्या चौकोनात पडायला नको."

"हा प्रुइट पोराला येऊ देईल?"

अर्नेस्टिनला खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "माहीत नाही पापा. त्याने काही कबूल केलेलं नाही."

"ते बरं आहे," होझेया म्हणाले.

त्यांनी पेन्सिल मुठीत धरली, फावडं धरावं तशी, आणि एक रेघ ओढली. मग दुसरी. दुसऱ्या रेघेला कागद फाटला आणि पेन्सिलीचं टोक टेबलक्लॉथमध्ये रुतलं.

"पापा, एवढ्या जोरात नको," अर्नेस्टिन वैतागून म्हणाली. "फाटलेला कागद ते बाद करतील. तेवढंच हवंय त्यांना." आणि तिने त्यांचं कोपर धरून टेबलावर नीट टेकवलं, लहानपणी वेंडेलचं टेकवायची तसं.

म्हाताऱ्याने फाटका कागद बाजूला केला. "दुसरा दे," ते क्लोव्हिसला म्हणाले. "आणखी आहेत ना? मंगळवारी हलक्या हाताने मारीन."